मातीचं घर, मचाण, जुनी एसटी: विदर्भात हातानं घर बांधू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही वर्धा-यवतमाळ पट्ट्यात माती, बांबू आणि जुन्या सामानातून घरं बांधतो. लोक येतात ते मोबाइलमधला एखादा फोटो घेऊन. फोटोतली जागा हिरवीगार आणि थंड असते. आपल्याकडे मे महिना असतो. म्हणून खालच्या उत्तरांत छप्पर, माती आणि सातबारा पुन्हा पुन्हा येतील, दिसण्याबद्दल फार थोडं.

असं घर बांधलेलं जवळपास कुठं पाहायला मिळेल?

आधी आपल्याच शिवारात पाहा. जागलीसाठी उभी केलेली खोपडी, रोही (नीलगाय) आणि रानडुकरं हाकलायला चार बल्ल्यांवर, म्हणजे लाकडी वाशांवर, बांधलेलं मचाण, तुराट्यांच्या (तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या) कुडाचा कोठा, ही सगळी हातानं बांधलेली घरंच आहेत. त्यांना कोणी वास्तुकला म्हणत नाही, एवढंच.

त्यानंतर सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्ये तेव्हाच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. तिथली बापू कुटी आधी त्यांच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधली होती, गांधीजी तिथे नंतर राहायला गेले. माती, बांबू, लाकूड, कवेलू (मातीची कौलं), सगळं आसपासचं. सहलीसारखं हिवाळ्यात जाऊ नका, मे महिन्यात दुपारी दोनला जा. भिंतीला हात लावून बघा आणि छपराची पडवी किती खाली उतरवली आहे तेही बघा.

वर्ध्याजवळ दत्तपूरला ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ आहे. कुंभारानं चाकावर केलेल्या शंकूसारख्या नळ्या एकमेकींत घालून लोखंडाशिवाय कमानीचं छप्पर कसं होतं, ते तिथे समजेल. बांबूसाठी मेळघाटातल्या लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र पाहा. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी कोरकू आदिवासी मुलांना हाताशी धरून ते उभं केलं.

शेतात बांधायचं आहे. एनए (बिगरशेती परवाना) करावाच लागतो का?

शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतीसाठी, स्वतःच्या जमिनीवर शेतघर बांधायचं असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ मध्ये तशी सोय आहे. पण ती सोय शेतघराची आहे. पाहुणे ठेवून भाडं घेणार असाल, ‘फार्मस्टे’चा फलक लावणार असाल, तर तो बिगरशेती वापर धरला जाऊ शकतो. मग तुमची भिंत शेणानं सारवलेली आहे की संगमरवराची, याच्याशी तहसील कार्यालयाला देणंघेणं नसतं.

नागपूर-पुण्याहून फोन करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. विदर्भासाठी कुळवहिवाटीचा कायदाच वेगळा आहे, १९५८ चा. त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परस्पर विकत देता येत नाही. भामरागड-धारणीकडे ‘स्वस्तात एकर मिळते’ असं सांगणारा दलाल भेटला तर चहा पिऊन परत या.

जमीन मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या जवळ असेल, तर पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा नकाशा काढून घ्या. तुमचा गट क्रमांक त्यात असेल तर लाकडी केबिनलाही परवानगी लागू शकते. ‘तात्पुरतं आहे, साहेब’ हे उत्तर तिथे चालत नाही.

सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ लिहिलंय, पण जागा तर पडीक आहे. चालेल ना?

नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही नोंद आढळते. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल हे वनच धरलं आहे. तिथे एखादी काडी उगवते की नाही, हा मुद्दाच उरलेला नाही.

काळ्या मातीत पाया टिकत नाही म्हणतात. मग काय करायचं?

खरंच टिकत नाही. काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये शेतातल्या भेगेत अख्खा हात जातो, त्याच भेगेवर तुमची भिंत उभी असते. म्हणून पायाला सगळ्यात पहिला प्रश्न हा: मुरूम किती खोलवर लागतो? दोन-चार फुटांवर लागला तर काळी काढून टाका, मुरुमावर दगडाचा पाया घ्या आणि बाजूची पोकळीही मुरुमानंच भरा. काढलेली माती परत त्याच खड्ड्यात लोटणारे मिस्त्री आहेत. त्या वेळी जागेवर हजर राहा.

मुरूम फार खोल असेल तर जड घराचा नाद सोडा. खांबांवरचं हलकं बांबूचं घर बांधा. खांबांखालच्या दगडी पायाचे खड्डे खोल घ्या आणि जोता जमिनीपासून वर उचला. घराभोवती तीन-चार फुटांचा उताराचा ओटा करा, म्हणजे पाणी पायाशी थांबणार नाही. आणि भिंतीला लागून मोठी झाडं लावू नका. कडुलिंब उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढतो आणि एकाच कोपऱ्यात तडा जातो.

भिंतीला कुठली माती घ्यावी? कूड कसा भरतात?

काळी नको. गावठाणातली पांढरी माती, किंवा पिवळसर, थोडी वाळू असलेली माती. परीक्षा सोपी आहे. माती भिजवून लिंबाएवढा गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाका. भुगा झाला तर वाळू जास्त. पोळीसारखा चपटा बसला तर पाणी किंवा चिकणमाती जास्त. एक-दोन चिरा पडून गोळा गोळाच राहिला तर काम होईल.

कूड म्हणजे तुराट्या किंवा पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची) विणलेली भिंत. बल्ल्यांमध्ये आडव्या बांबूच्या कामट्या बांधायच्या आणि त्यांत उभ्या तुराट्या घट्ट बसवत जायच्या. इतक्या घट्ट, की पलीकडचा माणूस दिसू नये, पण बोट घुसावं. माती त्या फटीतच धरते. मातीत कुटार (मळणीचा भुसा) मिसळून दोन-तीन दिवस भिजत ठेवतात. आंबूस वास सुटला आणि पायानं तुडवताना टाचेला चिकटून ‘चप्’ असा आवाज यायला लागला की माती तयार. मग दोन माणसं भिंतीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी राहून एकाच जागी थापा मारतात. एकीकडून दाबलेली माती दुसरीकडून आलेल्या मातीला आत भेटते. एकट्यानं एका बाजूनं थापलेली भिंत पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यासारखी सुटते.

पहिला थर वाळला की त्याला भेगा पडणारच, घाबरू नका. त्या भेगांमुळेच दुसरा थर धरतो. शेवटी चाळलेली माती आणि शेण, मग सारवण. बाहेरच्या बाजूला सिमेंटचा गिलावा करायचा मोह टाळा. सिमेंट आणि माती एका चालीनं हलत नाहीत. मागे ओल अडकते आणि दोन-तीन वर्षांत सगळा गिलावा चादरीसारखा उतरून येतो. चुन्याचा हात चालतो.

छप्पर कशाचं करावं? टिना (पत्रे) स्वस्त पडतात ना?

विकत घेताना स्वस्त पडतात. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा दिवशी नुसत्या टिनाखाली बसून दाखवा, मग बोलू.

आमचं मत विचाराल तर पहिली पसंती कवेलूला. दोन कवेलूंच्या सांध्यांतून गरम हवा निघून जाते, एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं आणि जुन्या वाड्यांचे चांगले कवेलू अजून मिळतात. पण कवेलू लोकांनी सोडले ते केवळ हौसेपायी नाही. कारण आहे माकड. गावात माकडांची टोळी आली की एका दुपारी पन्नास-शंभर कवेलू फुटतात, आणि आता टोळ्या जंगलापेक्षा गावातच जास्त असतात. शिवाय मृगाच्या आधी दरवर्षी कवेलू फेरावे लागतात. वर चढून, एकेक उचलून, झाडून, पुन्हा बसवणारा माणूस मिळणं कवेलू मिळण्यापेक्षा अवघड झालंय. तुमच्या गावात असा माणूस नसेल आणि तुम्हाला स्वतःला छपरावर चढवत नसेल, तर कवेलूचा हट्ट धरू नका.

मग मधला मार्ग. वर टिना, त्याखाली फूटभर मोकळी जागा आणि त्याखाली बुरडानं विणलेले बांबूचे तट्टे, वरून मातीचा पातळ हात. मधली जागा दोन्ही टोकांना जाळी लावून उघडी ठेवायची, नाहीतर गरम हवा तिथेच कोंडते. टिनांवर एप्रिलमध्ये चुना मारा. माकडांनी टिनांवर उड्या मारल्या तर आवाजानं झोप मोडेल, छप्पर नाही.

टिना उडण्याबद्दल: अवकाळी वादळात छप्पर वरून दाबलं जात नाही, खालून उचललं जातं. त्यामुळे टिनांवर दगड ठेवणं हा उपाय नाही; उडालेला दगड शेजाऱ्याच्या डोक्यात जातो. टिना हुकबोल्टनं दांड्यांना, दांड्या मयालीला (आडव्या तुळईला), मयाली खांबाला आणि खांब पायाला, अशी सगळी साखळी बांधलेली हवी. एक कडी सुटली तर बाकीच्या असून उपयोग नाही.

गवत किंवा तणसाचं छप्पर सगळ्यात थंड. चांगला उतार ठेवून जाड शाकारलं तर काही वर्षं टिकतं. पण चूल आत असेल तर नको.

बांबू लवकर किडतो. उपाय काय?

भुंगा बांबूतल्या पिठूळ अंशासाठी येतो. तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू तोडू नका, आणि पावसाळ्यात तर तोडूच नका. दिवाळीनंतर तोडा. जुने लोक अंधारा पंधरवडा पाळतात. पाळायला हरकत नाही, पण त्यानं प्रक्रिया टळत नाही. वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवणं ही जुनी रीत. सध्याची रीत म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड: १०० लिटर पाण्यात दोन्ही मिळून साधारण ५ किलो, आणि बांबूच्या आतल्या पडद्यांना सळईनं भोकं पाडून तो द्रावणात पूर्ण बुडवायचा. हे द्रव्य पाण्यानं धुऊन जातं, म्हणून असा बांबू पावसात उघडा ठेवायचा नाही. जमिनीत गाडायचा तर मुळीच नाही. दगडावर किंवा लोखंडी बुटावर उभा करा.

खांबाला मानवेल घ्या, भरीव असतो. कटांग जाड दिसतो, पण त्याच्या काट्यांशी झुंजायची तयारी ठेवा.

स्वतःच्या बांधावरचा सागवान तोडून वापरला तर?

झाड तुमचं, परवानगी सरकारची. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात सागवान येतो, आणि तोडल्यावर वाहतुकीचा पास वेगळा. बांबूचं सोपं झालंय: २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातला बांबू मात्र वन विभागाचा किंवा सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक २०११ मध्ये मिळालं, आणि त्यासाठी ते गाव किती झगडलं ते तिकडच्यांना विचारा. अशा ग्रामसभेकडून घेतलेला बांबू पावतीसकट मिळतो.

झाडावर घर बांधायचंय. मोह चालेल की चिंच?

आमचा सल्ला: झाडाजवळ बांधा, झाडावर नको. चार खांबांवरचं मचाण सावलीत उभं करा. झाड वाऱ्यात हलतं, जाड होतं, आणि त्याला आवळलेली तार पाच-सहा वर्षांत सालीत रुतते. मोहाखाली बांधलंत तर मार्च-एप्रिलमध्ये फुलांसाठी अस्वल येऊ शकतं, एवढं ध्यानात असू द्या. विजांचा विचार सगळ्यांत आधी करा. आपल्याकडे जून आणि सप्टेंबरमध्ये वीज पडून माणसं जातात, आणि एकटं उंच झाड ही तेव्हाची सर्वांत वाईट जागा. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप ठेवा. ढग गडगडायला लागले की मचाणावरून खाली उतरून पक्क्या घरात जा, ‘पाऊस तर पाहून घेऊ’ म्हणत बसू नका.

जुनी एसटी घेऊन तिचं घर करता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, विशेषतः पंचविशीतल्या पोरांकडून. येईल, पण लाल परी थेट महामंडळाकडून मिळेल या भ्रमात राहू नका. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडाव्या लागतात. त्यामुळे हाती येते ती बहुधा खासगी किंवा शाळेची जुनी बस.

मग ठरवा: ती चालणार आहे की उभी राहणार आहे?

चालणार असेल तर गोष्ट आरटीओची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. राहण्याच्या गाडीसाठी ‘मोटार कॅराव्हॅन’ हा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याचं मानक आहे, एआयएस-१२४. शेजारच्या वेल्डरनं आत पलंग ठोकून दिला म्हणून ती कॅराव्हॅन होत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

उभी राहणार असेल तर नोंदणी रद्द केल्याचा कागद मालकाकडून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नाहीतर कुठल्या तरी जुन्या चलानसाठी तुमच्या दारात माणूस येईल. जागेवर आणल्यावर बस टायरांवर ठेवायची नाही. उन्हानं टायर तडकतात आणि एक बसलं की अख्खं घर कलतं. चॅसिसखाली काँक्रीटचे ठोकळे घ्या, खाली मुरूम. बॅटरी, डिझेलची टाकी, जुनी वायरिंग काढून टाका. वायरी उंदरांनी आधीच कुरतडलेल्या असतात.

आता ऊन. बसची रुंदी बाहेरून अडीच मीटर. आतून अस्तर जाड लावाल तर चालायला वाट उरत नाही. म्हणून उष्णता बाहेरच अडवायची. बसवर दीड-दोन फूट उंच वेगळा मांडव घाला, बांबूचा, वर तट्टे किंवा कवेलू, पश्चिमेकडे थेट खाली उतरवलेला. आम्ही पाहिलेल्या बसघरांपैकी मे महिन्यात माणसं खरंच राहत होती ती अशा मांडवाखालचीच. बाकीच्यांत एप्रिलनंतर खतांच्या गोण्या होत्या. आत छताचा पंखा बसत नाही, डोकं लागतं, भिंतीचा लावा. कुलर खिडकीला लावाल तर समोरच्या टोकाची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर आत नुसता दमटपणा साठतो. गॅस सिलिंडर बाहेर ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो आणि वरची खिडकी उघडून जात नाही.

कंटेनरचं घर?

वीस फुटी कंटेनर आतून जेमतेम २.३५ मीटर रुंद असतो आणि सगळीकडून लोखंड. बसला निदान खिडक्या तरी असतात. सामान ठेवायला उत्तम.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर हाउसबोट होईल का?

केरळचं पाहून हे विचारतात. तिथल्या केट्टुवल्लमच्या फळ्या काथ्यानं शिवलेल्या असतात, खिळे नसतात, आणि ती नाव बॅकवॉटरच्या पाण्यासाठी आहे. तिथे पाण्याची पातळी फार वरखाली होत नाही. आपली धरणं सिंचनाची. ऑक्टोबरमध्ये जिथे वीस फूट पाणी असतं तिथे मे महिन्यात कोणी गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळात पेरणी) करून टरबूज लावलेलं असतं. तुमची बोट त्या टरबुजाच्या वाडीत आडवी पडेल. धरण जलसंपदा विभागाचं, मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर (मासेमार) बांधवांच्या सहकारी संस्थेचा, आणि जहाजाची नोंदणी वेगळी.

भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवरही हेच. पाण्यावर राहायची फारच हौस असेल तर काठावर, पूररेषेच्या बाहेर, स्वतःच्या जागेत खांबांवरचं घर बांधा आणि डोंग्यातून फिरायला ढिवर भाऊंना रीतसर पैसे देऊन सोबत न्या. तलाव त्यांना माहीत आहे.

संडासाचं काय?

दोन शोषखड्ड्यांचा. एक भरला की दुसरा सुरू, पहिल्याचं वर्ष-दीड वर्षात खत. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती सर्व बाजूंनी फूटभर वाळूचा वेढा द्या. विहीर किंवा हातपंप दहा मीटरपेक्षा जवळ नको. बसघरातल्या ‘केमिकल टॉयलेट’वर पैसे घालवू नका.

घरकुल योजनेच्या पैशात मातीचं किंवा बांबूचं घर बसतं का?

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागासाठी मूळ अनुदान १.२० लाख रुपये आणि घर किमान २५ चौरस मीटर. योजनेत स्थानिक साहित्याला मनाई नाही. पण हप्ता सुटतो तो पायरीपायरीनं, फोटो काढून, आणि अभियंत्याच्या नजरेला पक्कं छप्पर दिसावं लागतं. मातीच्या भिंती, दगडी जोता आणि टिकाऊ छप्पर असा नकाशा आधी पंचायत समितीत दाखवून लेखी होकार घ्या. आधी बांधून मग समजावणं गरिबाला परवडत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या, बांबूच्या बांधकामावर स्वतंत्र प्रकरण आहे. अभियंता अडला तर त्याला तेवढं सांगा.

खर्च किती येतो?

स्क्वेअर फुटाचा भाव आम्ही सांगत नाही, कारण तो गावागणिक बदलतो. माती फुकट असते, तुडवणारे पाय नसतात. सोयाबीन आणि कापसाच्या हंगामात मजूर मिळत नाही, मिळाला तर दुप्पट रोजीनं. छपरावर सगळ्यात जास्त पैसा ठेवा, मग पायावर, आणि भिंतीवर सगळ्यात कमी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात आणि भिंतीत रंगीत बाटल्या बसवत बसतात. वर्षातून एकदा सारवण, फेरणी, तेलपाणी याला आठवडाभराची मजुरी धरून चाला. ती देणार नसाल तर सरळ विटा-सिमेंटचं बांधा, त्यात कमीपणा काही नाही.

“मातीचं कायले बांधतं बाप्पा? लोक हासतीन ना!” असं बाबा म्हणतात. काय सांगू?

बाबांनी मातीच्या घरात पाणी गळताना रात्र रात्र भांडी मांडली असतील. ते बरोबरच बोलताहेत. त्यांना थंडाव्यावर भाषण देऊ नका. छप्पर कसं बांधणार ते दाखवा आणि जोत्याची उंची त्यांनाच ठरवू द्या. गावात १९९४ चा पूर पाहिलेले कोणी असतील, तर पाणी कुठवर आलं होतं ते हेच लोक सांगू शकतात.

साप, विंचू, उधई (वाळवी)?

जोता दोन फूट, भिंतीत भोक नाही, सरपण घराला टेकवून ठेवायचं नाही. उंदीर आले की साप येणार, म्हणून धान्य पत्र्याच्या कोठीत. उधईसाठी बल्लीचा बुडखा जाळून काळा करून त्यावर जळालेलं ऑइल किंवा डांबर. तरी दर पावसाळ्यात बुडख्याला मातीच्या रेघा दिसतात का ते बघत राहा.

काम कधी काढावं?

बांबू दिवाळीनंतर तोडून प्रक्रियेला टाका. पाया जानेवारीच्या आत. कूड आणि माती फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण एप्रिलच्या उन्हात थर इतक्या झपाट्यानं वाळतो की भेगा रुंद पडतात. तेव्हा गोणपाट ओलं करून झाकावं लागतं. छपराचा सांगाडा मात्र भिंतीच्या आधी उभा करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट येते आणि ओल्या भिंतीवर गारा पडल्या की सगळं पुन्हा तुडवायला घ्यावं लागतं. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी पंधरा दिवस छपरावर चार-सहा घागरी पाणी ओता आणि आत उभं राहून गळतंय कुठं ते खडूनं मांडून ठेवा.